पाण्याची शिट्टी

संपादकांचं पत्र आलं : क्रीडाक्षेत्रातले आपले प्रेरणादायी अनुभव अंकासाठी लिहा. मी ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. 'प्रेरणादायी' या शब्दापाशी आमच्या हिनं भाजी निवडता निवडता मान वर केली, माझ्याकडे, म्हणजे खरं तर माझ्या पट्ट्याच्या शेवटच्या भोकाकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. धाकटीनं विचारलं, बाबा, तुम्ही स्वतः कधी धावलायत का? तिला म्हटलं, बाई गं, महाड डेपोतून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीमागे मी वीस वर्षं धावतो आहे, आणि निम्म्या वेळा हरलो आहे.

तेव्हा प्रेरणा वगैरे नाही. एक हकीकत आहे. आमच्या घरात ती जेवताना इतक्यांदा सांगून झाली आहे की मी अडखळलो तर मुलंच पुढचं वाक्य म्हणतात. मात्र घरात सांगताना मी काही जागा पटकन उरकतो. लिहिताना तसं करायचं नाही, असं हिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे.

आधी धंद्याबद्दल. आमची शाळा महाडहून वरंधकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाट लागायच्या जरा अलीकडे. तिथे मी पी.टी.चा मास्तर. या प्राण्याचं शाळेत काम काय, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. प्रार्थनेच्या रांगा सरळ करणं, गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर जाऊन 'गप्प बसा' म्हणणं, पंधरा ऑगस्टला झेंड्याची गाठ अशी बांधणं की ती पाहुण्यांच्या हातून सुटेल आणि त्याआधी सुटणार नाही, आणि परीक्षा जवळ आली की आपला खेळाचा तास गणिताच्या सरांना दान करणं. यातून वेळ उरला तर खेळ.

मैदान आम्हाला नव्हतंच. भात कापून झालं की शेजारच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या खाचरांत आम्ही धावपट्टी आखायचो. मध्ये खुंटी ठोकायची, तिला सुंभाची दोरी बांधायची आणि दोरी ताणून फिरत फिरत फक्की, म्हणजे चुन्याची भुकटी, टाकत जायची. गोल आला तर आला. पण खाचर म्हटलं की बांध आला. आमच्या धावपट्टीत असे दोन बांध आडवे यायचे आणि मुलं पळता पळता त्यांवरून उडी मारायची. तालुक्याच्या स्पर्धेला महाडच्या सपाट मैदानावर गेल्यावरही आमची पोरं साधारण त्याच अंतरावर दोनदा हवेत उडाली. पंचांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही काय पद्धत? मी म्हटलं, श्वासाची आहे. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण सगळी हकीकत तिच्यावर आहे. आमच्या धंद्यात तेव्हा वेदवाक्य होतं : व्यायाम करताना पाणी प्यायचं नाही. पोटात कळ येते, पाय जड होतात, मूल आळशी होतं. मला माझ्या सरांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सरांनी. तपासून कुणी पाहिलं नव्हतं. सराव संपला की मी मुलांना हात मागे बांधून पाच मिनिटं उभं करायचो आणि मग दोन आखूड शिट्ट्या वाजवायचो. ती पाण्याची शिट्टी. आम्हाला ट्रेनिंगच्या वर्षातच शिकवलेली खूण, त्यामुळे कुठल्याही शाळेत गेलात तरी तीच. ती वाजली की पोरं रांजणाकडे धूम ठोकायची. मला वाटायचं, काय ही शिस्त.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एकदा शाळा सुटल्यावर मी भोरला बहिणीकडे निघालो. गाडी घाट चढायला लागली. पहिल्या वळणावर आमच्या शाळेतली एक मुलगी दप्तर पोटाशी धरून रस्ता ओलांडून वरच्या पायवाटेत शिरताना दिसली. गाडी गरगर फिरून वरच्या वळणावर आली, तर तीच मुलगी पुन्हा आमच्या पुढे रस्ता ओलांडते आहे. तिसऱ्या वळणावरही तेच. मी कंडक्टरकडे पाहिलं. तो म्हणाला, "रोजचं हाय, मास्तर. आमचा डायवर दोन वर्सं तिला गाठायला बघतो. नाय गाठत."

ती सुजाता. आठवीतली. घाटाच्या पहिल्या टप्प्यावर बौद्धांची पंधरा-वीस घरांची वाडी आहे, तिथली. वडील मुंबईला गोदीत कामाला. घरी आई तानुबाई आणि म्हातारा आजा. म्हणजे दोन वर्षं माझ्या नाकासमोर शिपायाच्या टेबलापाशी उभं राहून हजेरीच्या वह्या नेणारी ही मुलगी काय चीज आहे, ते मला एसटीच्या खिडकीतून कळलं. माझ्या पारखी नजरेबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही.

पुढचं भराभर घडलं. ती तालुक्यात पहिली आली, जिल्ह्यात पहिली आली. तेवढ्यात सरकारनं घाटावरच्या एका मोठ्या शहरात निवडक मुलींसाठी क्रीडा वसतिगृह काढलं. राहणं, जेवण, शाळा, बूट, सगळं सरकारचं, आणि तयार होऊन थेट राज्याच्या संघात. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निवड अलिबागला होती. त्या सकाळी सुजाताला घेऊन तानुबाई आधी महाडला आमच्या घरी आली. दोघी पायरीवर बसल्या. हिनं तांब्या आणून वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. आमच्या घरात ते तसंच चालत आलं होतं. कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून कुणाला मोडायचं सुचलंही नव्हतं. घरात सांगताना उरकायची जागा म्हणालो, त्यातली ही पहिली.

सुजाता निवडली गेली. सपाट मैदानावर दोनदा हवेत उडूनसुद्धा.

जूनमध्ये मीच तिला पोहोचवायला गेलो. तिथले मुख्य प्रशिक्षक उंच, कडक इस्त्रीचे, सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. मला त्यांनी चहा पाजला, मैदान दाखवलं. खरीखुरी, गोल, बांध नसलेली धावपट्टी पाहून माझे डोळे भरून आले, हे खोटं नाही. मी विचारलं, मुलींना घरची आठवण येत असेल? ते म्हणाले, "मास्तर, आईबापाची आठवण म्हणजे बुटातला खडा. आम्ही तो पहिल्या महिन्यातच काढून टाकतो." मग सहज बोलल्यासारखं म्हणाले की इथून निघून गेलेली मुलगी पुन्हा कुठल्याही सरकारी संघात दिसत नाही, तेवढं ते स्वतः पाहतात. खड्याचं वाक्य मी वहीत चांगल्या अक्षरात उतरवून घेतलं. ती वही अजून आहे. ते पान फाडायचं मी दोनदा ठरवलं, पण हिनं फाडू दिलं नाही.

श्रावणात साहेबांचं पत्र आलं. मुलगी कामचुकार आहे, अंगात वेग असून मुद्दाम मागे राहते, आपण समज द्यावी. मी लाजेनं अर्धा झालो. त्या काळी माझा अर्धा म्हणजेही बराच असे. त्याच दिवशी सुजाताला पत्र लिहिलं. शाळेचं नाव, तालुक्याचं नाव, आईच्या कष्टांचं चीज, जे जे मास्तरांच्या पेटीत असतं ते सगळं त्यात घातलं. शेवटी लिहिलं, 'मला मान खाली घालायला लावू नकोस.'

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. मी हेडमास्तरांच्या कपाटातलं शाळेचं स्टॉपवॉच काढून आणलं. खाचरांत अजून भात उभं होतं, म्हणून डांबरी रस्त्यावर किलोमीटरच्या दोन दगडांच्या मध्ये तिला धावायला लावलं. धावली. मी घड्याळ पाहिलं, झटकलं, कानाला लावलं. पुन्हा पाहिलं. पाच महिन्यांत असा फरक मी पाहिला नव्हता. साहेबांचे पाय धरावेत असं वाटलं.

ती माझ्यापुढे हात मागे बांधून उभी राहिली. छाती भात्यासारखी चालली होती. म्हणाली, "सर, पाणी पिऊ?"

मी घड्याळावरून मान वर न करता म्हटलं, "थांब. श्वास बसू दे." आणि वहीत वेळ लिहिली. आकडा सुबक यावा म्हणून दोनदा गिरवला. हिनं मला जी जागा उरकू नको म्हणून सांगितलं, ती ही.

दोन दिवसांनी दुपारी तानुबाई एकटीच महाडला आमच्या दारात. मी घड्याळाची गोष्ट रंगवून सांगायला सुरुवात केली. सरावाच्या पद्धती, आहार, राज्याचा संघ, कोटावर शिवलेलं राज्याचं चिन्ह. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुरुजी, तुमी पोरीचं घड्याळ बगितलंत. पोटऱ्या बगितल्यात काय?"

पोटऱ्यांवर वेताचे वळ होते. जुने आणि नवे. वजनाच्या काट्यावर मुलगी थोडी जड दिसली की रात्रीचं जेवण बंद. सुजाता घरात उभ्या उभ्या, भिंतीला पाठ लावून भराभर जेवते. बस म्हटल्याशिवाय बसत नाही. हे सगळं तानुबाईनं आवाज न चढवता सांगितलं. आणि मी काय बोललो असेन? मी म्हणालो, मोठ्या ठिकाणी थोडी शिस्त असतेच, तानुबाई.

तेव्हा ती उभी राहिली.

"परवा पोरगी शेतातनं आली, घामानं चिंब. रांजनाजवळ उभी ऱ्हायली. मला म्हनते, आये, पानी पिऊ काय? माज्या घरात, गुरुजी. गुरां पन पान्यावर विचारून नाय जात. माज्या सासऱ्यान तळ्यावरचा पानी पिऊन डोक्यात काठी खाल्लीन, ती खून अजून हाय. तो म्हातारा थितंच बसलेला. त्यानं ऐकलान. तवाधरनं तो बोलत नाय."

तानुबाईचा सासरा तरुणपणी चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांतला. ज्या तळ्यावर गुराढोरांना मोकळीक आणि या माणसांना बंदी, तिथे ते हजारोंनी गेले, ओंजळीनं पाणी प्याले आणि परत येताना मार खाल्ला. महाडात राहून हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच तळ्याच्या काठानं मी रोज डेपोत जातो. पण रोजच्या वाटेवरची गोष्ट माणसाला दिसत नाही, हा धडा त्या मुलीनं मला एसटीच्या खिडकीतून एकदा दिला होता आणि मी तो शिकलो नव्हतो.

तेवढ्यात हिनं आतून विचारलं, "बोलताय केव्हाचे. त्यांना पाणी विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. वरंधच्या बाजूनं उन्हात आलेली बाई पाऊण तास माझ्या दारात होती आणि मी तिला आहार आणि सराव सांगत होतो. ही बाहेर आली. हातात पाहुण्यांचं पितळी तांब्या-भांडं आणि गुळाचा खडा. तांब्या तिनं तानुबाईच्या हातात दिला आणि म्हणाली, "आत या. पायरीला ऊन आहे." पायरीला ऊन होतं हे खरं. ते त्याआधीही असायचं.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. सुजाता पुन्हा हात मागे बांधून उभी. बस म्हटलं तरी बसेना. तिची आई म्हणाली, बस गो, तेव्हा बसली. मी विचारलं, साहेब लिहितात तू मुद्दाम मागे राहतेस, ते खरं का? म्हणाली, खरं. माझं पत्र मिळालं होतं का? मिळालं होतं. साहेबांनी ते सगळ्या मुलींसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

"मग मागे का राहायचीस?"

ती आईकडे बघत म्हणाली, "जी शेवटी येते तिला संध्याकाळपर्यंत पाणी नाही, सर. कुसुम रोज शेवटी यायची. माझ्या बाजूच्या खाटेवरची. ती आजारीच असते. एकदा पडली पण. मग मी एक दिवसाआड शेवटी यायचे."

मी मूर्खासारखं विचारलं, "एक दिवसाआड का?"

"रोज केलं असतं तर कुणासाठी ते त्यांना कळलं असतं."

माझी सगळी उमर मुलांना पुढे कसं यायचं ते शिकवण्यात गेली. घाटात एसटीला मागे टाकणारी मुलगी, दुसऱ्या मुलीच्या घोटभर पाण्यासाठी एक दिवसाआड शेवटी येते, वेत खाते, मास्तराचं ते पत्र चारचौघींत ऐकून घेते आणि चकार शब्द बोलत नाही. असलं धावणं कुठल्या घड्याळात मोजतात ते मला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, तू जाऊ नकोस परत. तुझी ट्रंक मी आणतो. हेडमास्तरांना काय सांगायचं ते सांगतो. खरं तर हेडमास्तर आदल्या दिवशीच म्हणाले होते की मुलगी परत गेली नाही तर आपल्या शाळेला पुन्हा जागा मिळणार नाही, आणि मी त्यांच्यापुढे मान हलवून आलो होतो.

सुजाता म्हणाली, जायचं आहे. एकदाच. ट्रंकेसाठी नाही. "कुसुमला आई नाही, सर. तिला न्यायला कोण येणार?"

आणि मग तुझं धावणं? निघून गेलेली मुलगी पुन्हा संघात दिसत नाही, हे साहेबांचं वाक्य मी तिला सांगितलं. तिला ते आधीच ठाऊक होतं. तिथे मुलींना ते रोज ऐकवायचे.

सुट्टी संपून दोन दिवस झाल्यावर आम्ही तिघं निघालो. मी, सुजाता आणि तानुबाई. साहेबांशी काय बोलायचं त्याचे मी मुद्दे काढले होते, क्रमांक घालून. घाटात ते तीनदा वाचले. तानुबाईनं विचारलं, काय वाचताव? सांगितलं. ती म्हणाली, बरं, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

चारच्या उन्हात पोहोचलो. मैदानावर वीसेक मुली नुकत्याच धावून हात मागे बांधून ओळीत उभ्या होत्या. पलीकडे कडुनिंबाखाली सिमेंटची टाकी, तिला दोन तोट्या. साहेबांच्या गळ्यात शिट्टी, काखेत वेत. मला पाहून छान हसले. या मास्तर, चहा घेऊ. मी खिशातला कागद चाचपला. माझ्या तोंडातून पहिला मुद्दा बाहेर पडला तो असा : "प्रवास ठीक झाला."

साहेब सुजाताला म्हणाले, दोन दिवस उशीर झालाय, कपडे बदलून ये, आणि उशिराची शिक्षा म्हणून आज पाणी सगळ्यात शेवटी.

सुजाता वसतिगृहाकडे वळली नाही. ती मैदान ओलांडून सरळ टाकीकडे चालत निघाली. पळत नाही, चालत.

"कुठे चाललीस?"

"पाणी प्यायला."

"विचारलंस?"

ती थांबली, वळली आणि म्हणाली, "नाही."

आणि जाऊन तिनं तोटी सोडली, ओंजळ धरली आणि प्यायली. पोट भरेपर्यंत. मग ओल्या हातानंच मुलींना म्हणाली, या गो. एकही हलली नाही. डोळे सगळ्यांचे तोटीवर, पाय जमिनीत. ओळीच्या टोकाला एक काडीसारखी मुलगी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. न सांगता कळलं, ही कुसुम. साहेबांना घाई नव्हती. ते वेतावर बोटं वाजवत उभे होते. आपण काय घडवलंय ते त्यांना पक्कं माहीत होतं.

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "सर, शिट्टी."

शिट्टी माझ्या खिशात असते. लग्नाला गेलो तरी असते. काढली. पहिल्या फुंकीला नुसतीच हवा आली, आत सुपारीची भुकटी अडकली होती. मी ती मांडीवर आपटली आणि पुन्हा फुंकली. दोन आखूड.

वीस मुली एकदम सुटल्या. बंदुकीच्या बारानंतरसुद्धा मी पोरांना असं पळताना पाहिलेलं नाही. साहेबांनी लांब शिट्टी दिली, थांबण्याची. पण तोवर तोट्यांखाली वीस ओंजळी जमल्या होत्या, आणि ओंजळीतलं पाणी काही शिट्टी ऐकत नाही.

साहेब टाकीकडे निघाले. त्यांच्या आधी तानुबाई पोहोचली होती. गाठोड्यातलं आपलं भांडं काढून ती कुसुमला पाणी पाजत होती. साहेब म्हणाले, बाई, बाजूला व्हा. ती झाली नाही. तिनं भांडं तोटीखाली धरलं, भरलं आणि त्यांच्यापुढे केलं.

"तुमी पन प्या, साहेब. ऊन हाय."

साहेबांनी ते घेतलं नाही. पण वेत असलेला हात त्यांनी पाठीमागे नेला, आणि मग माझ्या ध्यानात आलं की तेही आता हात मागे बांधून उभे आहेत.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. सुजाता आमच्याबरोबरच घरी परत आली. कुसुमच्या मामाचा पत्ता तानुबाईनं तिथेच मिळवला आणि तिथेच मला कार्ड लिहायला लावलं. आठ दिवसांत मामा येऊन तिला घेऊन गेला. आम्ही तक्रार दिली. चौकशीला एक अधिकारी महाडला आले. सज्जन होते, मला म्हणाले, मास्तर, 'मार' असं लिहिण्याऐवजी 'कडक शिस्त' लिहिलं तर दोन्ही बाजूंना सोयीचं. मी लेखणी थांबवली. तानुबाई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मला लिवता येत नाय, गुरुजी, पन लिवलंव ते वाचून दाखवा." मग मी 'मार' लिहिलं आणि वाचून दाखवलं. माझ्या नोकरीतलं ते एक धाडस, तेही दुसऱ्याच्या शेजारी बसून केलेलं.

साहेबांची बदली झाली. मी वाडीवर पेढे घेऊन गेलो. सुजातानं पेढा हातात धरला आणि विचारलं, "सर, बदली झाली तिथे पण मुली असतील ना?"

असणारच. ते मला सुचलंच नव्हतं. मी आणखी दोन अर्ज केले, उत्तर आलं नाही, आणि मग शाळेत परीक्षा आल्या. तिसरा अर्ज करायचा राहिला. अजून राहिलाच आहे.

साहेबांनी एक शब्द मात्र पाळला. सुजाताचं नाव पुन्हा कुठल्याही सरकारी संघात आलं नाही. दहावीपर्यंत ती आमच्या खाचरांत धावली. तिची शेवटची वेळ माझ्या वहीत आहे आणि ती कुणालाही दाखवून उपयोग नाही. घड्याळ शाळेचं, पट्टीत दोन बांध आणि पंच मी.

त्या वर्षापासून आमच्या धावपट्टीवर, संपण्याच्या रेषेपाशीच, रांजण असतो. ज्याला तहान लागेल त्यानं प्यावं. एकदा शिक्षणखात्याच्या तपासणीत संचलन चालू असताना तीन पोरं रांगेतून निघून पाणी पिऊन परत रांगेत आली. शेऱ्यात लिहून आलं, 'शिस्तीत सुधारणेस वाव आहे.' पोटात कळ आल्याची मात्र एकाही पोराची तक्रार इतक्या वर्षांत आलेली नाही.

सुजाता आता पोलादपूरच्या वरच्या अंगाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर दिवाळीत आमच्याकडे येते. या खेपेला आली तेव्हा मी हाच लेख लिहायला बसलो होतो. डेपोपासून उन्हातून चालत आली होती, चेहरा लाल. मी उठायला लागलो, म्हटलं, थांब, पाणी आणतो.

"बसा सर, मी घेते."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. माठावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला. सावकाश प्यायली असावी, कारण बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आमची ही भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत होती.

मग आतून सुजातानं विचारलं, "सर, तुम्हाला आणू?"

"आण," म्हटलं. तहान लागलीच होती.